नळी धुतलीया न्हवं?
स्पिरिटचा वास आला की सत्तावन्नच्या फ्लूच्या साथीतला कोल्हापूरचा तो वॉर्ड आठवतो. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. खाटा व्हरांड्यापर्यंत आल्या होत्या आणि थर्मामीटर दोनच. प्रत्येकाच्या तोंडातून काढला की धुऊन दहा मिनिटं स्पिरिटमध्ये बुडवायचा, हे मी परीक्षेत लिहून शाबासकी मिळवली होती. पण मोठ्या सिस्टरची पाठ वळली की आम्ही मुली तो एप्रनला पुसायचो आणि पुढच्याच्या तोंडात द्यायचो. सोबतीला राहिलेल्यांचाही ताप बघायचा असे. गारगोटीकडची एक बाई नवऱ्याच्या उशाशी बसली होती. नवऱ्याच्या तोंडातला थर्मामीटर मी तसाच पुसून तिच्यापुढे धरला. “बाई, नळी धुतलीया न्हवं?” तिने भीतभीत विचारलं. “नर्स मी हाय का तू? उघड तोंड!” मी खेकसले. तिने उघडलं. तिसऱ्या दिवशी नवरा उठून बसला आणि ती शेजारच्या खाटेवर तापाने फणफणत होती. त्या दिवशी मी थर्मामीटर पुरती दहा मिनिटं बुडवून नेला. मला बघून तिने न विचारताच तोंड उघडलं. आता म्हातारपणी दवाखान्यात कुणी माझ्यापुढे थर्मामीटर धरला की तिचा प्रश्न माझ्या ओठांपर्यंत येतो. मी तो गिळते आणि तोंड उघडते.