देवाचा टेर्मीन

मुंबई विमानतळावर आमची बॅग काट्यावर चढली आणि काउंटरवरच्या मुलीने मान हलवली. "आजी, वजन जास्त आहे. काहीतरी काढावं लागेल." बॅगेत डिंक, खारीक, सुंठ, अळीव आणि माझा पितळी खलबत्ता होता. लेक करुणाचं बाळंतपण करायला मी जर्मनीला निघाले होते, त्यामुळे यातलं काहीच निघण्यासारखं नव्हतं. शेवटी ह्यांचे दोन स्वेटर निघाले. भर मे महिन्यात ह्यांनी ते एकावर एक अंगात चढवले आणि तसेच घामाघूम होऊन विमानात बसले.

"अगं, जर्मनीत मिक्सर मिळतो," म्युनिक येईपर्यंत हे तेवढंच म्हणत होते.

म्युनिकहून रेगेन्सबर्गला जाणारी गाडी हिरव्यागार शेतांमधून गेली. मधेच उंच खांबांवर तारा ताणलेल्या दिसल्या. मला वाटलं द्राक्षांचे मांडव असतील. शेजारच्या प्रवाशाने खुणेनेच ग्लास तोंडाला लावून दाखवला. ती बिअरमध्ये घालायच्या हॉप्सची शेती होती. ह्यांनी खिडकीला नाक लावलं ते स्टेशन येईपर्यंत काढलं नाही.

फलाटावर करुणा उभी होती, एक हात पोटावर आणि एक जावयाच्या दंडावर. आमचा जावई अनुप तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. पोर गोल, गुबगुबीत आणि थकलेली दिसत होती. मला रडू आलं, तिला हसू आलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले. तिने हळूच माझा हात खाली घेतला. "आई, लाडू कर, मालिश कर, काय हवं ते कर. पण माझ्यासाठी प्रार्थना नको. मला ताण येतो."

असं का म्हणाली, ते मला माहीत होतं. मागच्या वर्षी तिचा गर्भ पडला, तेव्हा मी फोनवर पहिला प्रश्न विचारला होता, "रोजची प्रार्थना चुकली नव्हती ना गं?" त्यानंतर देव हा विषय आमच्या दोघींमध्ये निघाला नव्हता.

आता माझ्या प्रार्थनेबद्दल सांगायला हवं. नगरच्या आमच्या चर्चमध्ये महिला मंडळाची मी जुनी अध्यक्ष. पहाटे उठून, डोक्यावर पदर, गुडघे टेकून, आधी पापांची कबुली, मग आभार, मग मागण्या. मागण्याही मोठ्या, शोभतील अशा. बारीकसारीक गोष्टींसाठी देवाला त्रास द्यायचा नाही. माझे वडील मिशनच्या शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांच्या खोलीत जाताना आम्ही भावंडंसुद्धा दारात उभी राहून "आत येऊ का, सर?" असं विचारायचो. देवाकडेही मी जन्मभर तशीच गेले. एखादा शब्द चुकला तर अर्ज परत येईल, ही धास्ती मनात. रविवारच्या शाळेत पाठ केलेली प्रार्थना साठी उलटली तरी एका शब्दाने पुढे सरकली नव्हती. मला वाटायचं, हीच निष्ठा.

जर्मनीतली शिस्त मला पहिल्या आठवड्यातच आवडली. इथे प्रत्येक गोष्टीला टेर्मीन (भेटीची आधी ठरवलेली वेळ) लागतो. डॉक्टरला टेर्मीन, बँकेत टेर्मीन, हेबामे (सुईण) घरी येणार तीही टेर्मीन घेऊन. हे एकदा केस कापायला गेले. दुकानात खुर्च्या रिकाम्या होत्या, न्हावी मोबाईल बघत बसला होता. तरी त्याने विचारलं, "टेर्मीन?" नाही म्हटल्यावर पुढच्या आठवड्यातली वेळ देऊन ह्यांना घरी पाठवलं.

"तुझ्या देवाचं आणि ह्या देशाचं चांगलं जमेल," हे मानेवरचे केस कुरवाळत म्हणाले. मी अर्थातच लक्ष दिलं नाही.

जेवणाच्या बाबतीत मात्र आमची दोघांची एकजूट होती. मोसम श्पार्गेलचा होता. श्पार्गेल म्हणजे पांढऱ्या शतावरीचे जाड देठ. अनुपने मोठ्या हौसेने ते उकडून, वर लोणी ओतून वाढले. ह्यांनी एक देठ खाल्ला आणि अत्यंत आदराने विचारलं, "आजारी माणसांना देतात का हो हे?" मग मी त्यावर लसणाची फोडणी ओतली. अनुपने आधी डोळे मिटले आणि मग तीनदा वाढून घेतलं.

रविवारी दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी खलबत्ता काढला आणि सुंठ कुटायला घेतली. ठण, ठण, ठण. थोड्याच वेळात दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या हुबरबाई दारात उभ्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, उंच, पांढरे केस घट्ट बांधलेले. त्यांनी एकच शब्द उच्चारला, "रूहेत्साइट!" करुणा आतून धावत आली. "आई! शांततेची वेळ आहे. रविवारी इथे ठोकाठोकी करत नाहीत."

मला शरमेने मेल्यासारखं झालं. शब्बाथाचा दिवस, आणि तो मी मोडला होता! हुबरबाईंबद्दल मला एकदम आदर वाटला. माझ्यासारखीच ही एक देवभीरू बाई, असं मनाशी म्हणत मी तयार लाडवांची बशी पुढे केली. बाईंनी एक लाडू तिथेच उभ्याने खाल्ला, दुसरा रुमालात बांधून घेतला आणि सोमवारी ठोकायला परवानगी दिली.

मग आमची गट्टीच जमली. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं होतं, त्यामुळे कुणालाच लाजायचं कारण नव्हतं. एक दिवस त्यांनी मला आणि करुणाला गावातल्या जुन्या कॅथेड्रलमध्ये नेलं. आकाशात घुसलेली दोन टोकं, आत गार काळोख आणि खिडक्यांच्या रंगीत काचांतून उतरलेला उजेड. आम्ही प्रोटेस्टंट. मेणबत्त्या वगैरे बघितल्या की माझ्या कपाळाला आठी पडते. मी मागे हात बांधून उभी राहिले.

हुबरबाईंनी मेणबत्ती लावली. हातात भाजीची पिशवी, त्यातून कांद्याची पात डोकावतेय. गुडघे टेकले नाहीत, डोळे मिटले नाहीत. वर बघून त्या भराभरा काहीतरी बोलल्या, शेवटी फिस्सकन हसल्या आणि निघाल्या.

बाहेर आल्यावर मी करुणाला म्हटलं, "विचार ना, काय मागितलं?"

करुणाने विचारलं आणि तिला हसू आवरेना. "मागितलं काहीच नाही. त्यांचा गुडघा दुखतोय, आणि त्यात आपली लिफ्ट बंद आहे, हे सांगितलं."

"लिफ्ट? देवाला?" मी खरंच हादरले.

हुबरबाईंना माझा चेहरा बघूनच प्रश्न कळला असावा. त्या म्हणाल्या आणि करुणाने मराठी केलं, "मग कुणाला सांगू? घरमालकाला तर सांगून झालं."

घरी जाताना आम्ही डोनाऊ नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर टेकलो. खाली पाणी भोवरे घेत पळत होतं. करुणा सांगू लागली, "आई, जर्मनमध्ये 'झी' म्हणजे आपलं 'तुम्ही', आणि 'डू' म्हणजे 'तू'. हुबरबाई समोरच्या घरातल्यांना इतकी वर्षं 'झी' म्हणतात. मलासुद्धा. 'डू' फक्त बहिणीला, गेलेल्या नवऱ्याला आणि देवाला."

"त्यात काय नवल?" मी म्हटलं. "आपणही देवाला 'तू'च म्हणतो."

करुणा पाण्याकडे बघत म्हणाली, "तू तोंडाने 'तू' म्हणतेस, आई. ऐकणाऱ्याला 'अहो'च ऐकू येतं."

मला राग आला होता आणि तो रात्रीच्या पोळ्यांवर निघाला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पदर घेऊन बसले आणि ठरवलं, आज मनातलं बोलायचं. "देवा," म्हटलं आणि पुढे शब्दच येईनात. इतकी वर्षं ज्याच्यापुढे रोज बसले, त्याच्याशी बोलायला माझ्याकडे स्वतःचं एक वाक्य नव्हतं. शेवटी मुकाट्याने पाठ केलेलं म्हटलं आणि उठले. सांगायला संकोच वाटतो, पण त्या दिवशी मी न्हाणीघरात रडले.

करुणाची हॉस्पिटलची तपासणी शुक्रवारी होती. तसा टेर्मीनच ठरला होता. बाळाला मात्र त्याची कल्पना नसावी. बुधवारी सकाळी मी कणीक मळत असताना ती दारात येऊन म्हणाली, "आई, पाणी गेलं." अनुप कारखान्यात, फोन उचलेना. हे केस कापायला गेलेले, कारण त्यांचा टेर्मीन नेमका तेव्हाच होता. मी जिन्यातूनच हुबरबाईंना हाक मारली. दुखऱ्या गुडघ्याने त्या जिना चढून आल्या, टॅक्सी बोलावली, आमच्याबरोबर बसल्या आणि वाटेत ड्रायव्हरला प्रत्येक सिग्नलवर झापत राहिल्या.

हॉस्पिटलात बाळाच्या बापाखेरीज आत एकालाच सोडणार होते. हुबरबाई बाहेरच्या बाकावर बसल्या आणि मी आत गेले. तेव्हा लक्षात आलं, हाताला कणीक, पायात घरातल्या सपाता, अंगात घरातला गाऊन आणि त्यावरची ओढणी खुर्चीवर राहिलेली. करुणाला मोठी कळ आली. तिने माझं मनगट असं धरलं की बांगडी वाकली. कळ ओसरल्यावर ती पांढऱ्या चेहऱ्याने म्हणाली, "आई, मला फार भीती वाटतेय. मागच्यासारखं झालं तर? कर ना प्रार्थना."

डोकं झाकायला काही नव्हतं. गुडघे टेकायचे तर तिचा हात सोडावा लागला असता. कबुली, आभार, मागण्या, सगळा क्रम कुठल्या कुठे गेला. मी डोळे उघडे ठेवूनच बोलले.

"देवा, तू आहेस ना इथे? मग थांब. जाऊ नकोस. पोर घाबरलीय, मीही घाबरलेय. मागच्या वेळी असं का झालं, ते मला अजून कळलेलं नाही. ते मी तुला विचारणार आहे, सोडणार नाही. पण ते नंतर. आत्ता तू फक्त हिचा हात धर, माझा कणकेने चिकट झालाय."

माझं मलाच दचकायला झालं. देवाला जाब विचारला होता मी! वडिलांच्या खोलीचं दार धाडकन उघडून आत घुसल्यासारखं वाटलं. आणि आत रागावलेलं कुणी नव्हतं.

करुणा रडत होती आणि हसतही होती. "आई, अजून बोल," ती म्हणाली. मग मी बोलतच राहिले. लिफ्टबद्दलसुद्धा बोलले. अनुप धापा टाकत पोचला तेव्हा सुईण मला थोडा वेळ गप्प बसायला सांगत होती.

दुपारी नात झाली. काळंभोर जावळ आणि आवाज खलबत्त्यासारखा खणखणीत. बाहेर आले तर बाकावर हुबरबाई आणि नव्याने केस कापलेले हे शेजारी शेजारी बसले होते. एकमेकांची भाषा येत नसताना त्यांनी मिळून अख्खं ब्रेत्सेल (मिठाचे दाणे लावलेला पिळाचा पाव) संपवलं होतं. मी "मुलगी!" म्हणून ओरडले. हुबरबाईंनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "डू!" हा मान मला कशासाठी मिळाला, ते मी विचारलं नाही. मीही त्यांना डू म्हटलं.

निघायच्या दिवशी करुणाने बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "आई, जाताना हिच्यासाठी बोल ना त्याच्याशी." प्रार्थना कर म्हणाली नाही, बोल म्हणाली. खलबत्ता मी हुबरबाईंना देऊन आले. जागा झाली म्हणून ह्यांनी बॅगेत बिअरच्या दोन बाटल्या घातल्या, त्या मी न पाहिल्यासारखं केलं.

नगरला येऊन आता बरेच दिवस झाले. पहाटेची प्रार्थना चालू आहे, पदरही आहे. वर्षानुवर्षांची सवय, आणि ती मला आवडते. पण नंतर दिवसभर बोलणं चालूच असतं. मागच्या वर्षीचा तो प्रश्न मी विचारला. उत्तर मिळालेलं नाही. तरी पुन्हा पुन्हा विचारते, आणि विचारू दिलं जातं, हेच मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं.

काल भाजी चिरताना असंच चाललं होतं. नात रात्री झोपत नाही, करुणाची दमछाक होते, तू जरा बघ ना तिकडे, वगैरे. बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "कुणाशी बोलतेस गं?"

मी म्हटलं, "अहो, तुमच्याशी नाही!"