तांबड्या पेन्सिलीच्या रेघा

परदेशातल्या अर्विंग शहराच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत विनीता बोर्डेच्या पवित्र शास्त्राचा दबदबा होता. नगरहून लग्नात आणलेली ती प्रत पाठीला चिकटपट्टी लावून तगलेली, आणि पानापानांवर तांबड्या पेन्सिलीच्या रेघा. तिच्या माहेरी कोरं शास्त्र म्हणजे न वाचलेलं शास्त्र. वडील म्हणायचे, जे मनाला भिडेल त्याच्याखाली रेघ ओढ. ती ओढत आली होती. कुणाला वचन आठवेना की फोन विनीताला यायचा, आणि अध्याय-ओवी सांगताना तिचा आवाज नकळत चढायचा. नवरा शैलेंद्र म्हणायचाही, "बघ, आमच्या बाईसाहेब व्यासपीठावर चढल्या."

विनीताच्याच निवासी संकुलात, वरच्या मजल्यावर दिलशाद मुजावर राहायची. मूळची मिरजेची. किराणा दुकानात तांदळाच्या गोणीशी दोघींची मराठीत ओळख झाली आणि वर्षभरात भांड्यांची ये-जा सुरू झाली. विनीताच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला ड्राइव्ह करता येत नव्हतं. महिनाभर थेरपीला दिलशादनेच नेलं-आणलं. वाट बघताना विनीता शास्त्र वाचत बसे. "काय वो ताई, ह्या रेघा कशाच्या?" दिलशादने एकदा विचारलं होतं, आणि विनीताने वडिलांचं म्हणणं सांगितलं होतं.

फेब्रुवारीत पाळकबाईंनी विनीताला महिला मंडळात बोलायला सांगितलं. विषय : आपलं शास्त्र आणि मुसलमानांचं शास्त्र. एक पुस्तिकाही दिली. डावीकडे आपली वचनं, उजवीकडे त्यांची, खाली निष्कर्ष. पण विनीताला दुसऱ्याच्या ताटातलं वाढून द्यायला आवडत नसे. मूळ ग्रंथ हातात धरून बोललं की वजन पडतं. तिने दिलशादकडे मराठी भाषांतर मागितलं.

दिलशादचा चेहरा असा उजळला, की विनीताला क्षणभर आपण काय मागतोय ते सांगावंसं वाटलं. दिलशादच्या वडिलांची प्रत होती ती. ती हिरव्या फडक्यात गुंडाळून देताना दिलशाद म्हणाली, "जमिनीवर तेवढं ठेवू नका. बाकी काय नाही. घरचंच समजा."

विनीताने घरचंच समजलं. पुस्तिकेत दिलेले अध्याय-ओव्यांचे आकडे घेऊन ती एकेक जागा शोधत गेली, युद्धाची, शिक्षेची, बायकोला शिस्त लावण्याची, आणि सापडली की हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. आपण काय करतोय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. शास्त्र पुढ्यात आणि पेन्सिल हातात, ही तिच्या हाताची सवय होती. मधलं काही वाचायला वेळ नव्हता.

शनिवारी बोलणं छान झालं. बायका चुकचुकल्या, त्यांनी माना डोलावल्या. शेवटी मृणालिनीकाकूंनी विचारलं, "पण त्यांच्यात मरियेवर म्हणे एक आख्खा अध्याय आहे. त्यात काय आहे गं?"

विनीताने तो उघडलाही नव्हता. पुस्तिकेत त्याचा उल्लेख नव्हता. पण ग्रंथ हातात धरलेला, आणि चाळीस डोळे. "नावापुरतं आहे काकू," ती म्हणाली. "विशेष काही नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी, उपासनेहून आल्यावर, तिने तो अध्याय काढला. काकूंना पुढे काही सांगावं लागलं तर असावं, म्हणून. त्यात मरिया एकटी होती. कळा सुरू झाल्यावर खजुराच्या बुंध्याला टेकलेली, याआधीच मेले असते, विसरली गेले असते तर बरं, असं म्हणणारी. आणि तिला आवाज येतो, की दुःख करू नकोस, पायाखाली झरा आहे, बुंधा हलव, पिकला खजूर पडेल.

विनीताने तेवढंच पुन्हा वाचलं. लेकीच्या, अनिकाच्या बाळंतपणाच्या वेळी ती या देशात नवी होती. शैलेंद्र दुसऱ्या गावी नोकरीला, आई नगरला. मेले असते तर बरं, असं तीही म्हणाली होती, भिंतीकडे तोंड करून. तिच्या शास्त्रात बाळंतीण मरियेला बाळंत्यात गुंडाळलेलं बाळ होतं, गव्हाणी होती, कळा नव्हत्या. प्रभू येशू देवाचा पुत्र आहे, हे या ग्रंथाला मान्य नव्हतं, आणि तिच्यासाठी तो प्रश्न तिथे मिटलेला होता. तिचा विश्वास जागचा हलला नाही. पण "नावापुरतं" हा शब्द आता तिलाच टोचायला लागला. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, हे तिने संडेस्कूलच्या पोरांकडून घोकून घेतलं होतं.

तिने आपलं शास्त्र उघडलं आणि मुद्दाम काही जागा काढल्या. आख्खी नगरं, बायकापोरांसकट तलवारीखाली घातल्याच्या. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं, ही प्रेषित पौलाची आज्ञा, जी बाजूला ठेवून ती काल तासभर बोलली होती. ती पानं स्वच्छ होती. एक रेघ नाही.

तेवढ्यात दिलशादचा फोन आला. रमजान तोंडावर आलाय, अब्बांच्या प्रतीतूनच वाचते, तेवढी द्याल का?

मग विनीताने खोडरबर घेतलं. तांबडी पेन्सिल पुसत नाही, पसरते. तीनचार पानं गुलाबी झाल्यावर तिने नाद सोडला आणि फडकं बांधलं.

दुसऱ्या दिवशी ती वर गेली तेव्हा दिलशादने चहा टाकला होता. ग्रंथ दोन्ही हातांनी घेतला, उघडला, आणि एक पळभर तिचा चेहरा आक्रसला. मग तिने स्वतःलाच सावरलं. "आमच्यात असं काय लिहीत नाहीत ह्याच्यात," ती म्हणाली. "पण ऱ्हाऊ दे. तुम्ही तर मनाला भिडलेल्याच्याच खाली ओढता की. बघू तरी, माझ्या ताईंना काय काय भिडलं."

तिने चष्मा लावला. एक रेघ वाचली. पान उलटून दुसरी. तिसऱ्या रेघेपाशी तिचं बोट थांबलं. विनीता चहावरची साय बघत राहिली. आत्ता काहीही सांगता आलं असतं. पोरीने ओढल्या, आधीच होत्या. दोन्ही तिच्या ओठांशी येऊन गेलं.

"ताई, हेच भिडलं व्हय तुम्हाला?"

"नाही. मला मंडळीत सांगायचं होतं."

"काय?"

"तुमचं शास्त्र कसं कमी आहे ते."

दिलशादने चष्मा काढून ओढणीला पुसला. "मग सांगितलंत?"

"सांगितलं. आणि मरियेचं विचारलं तर नावापुरतं आहे म्हणाले. न वाचता. काल वाचलं मी ते."

दिलशादने चष्मा डबीत ठेवला. "मला वाटलं होतं, बाई घर बघायला आल्यात," ती म्हणाली. "तुम्ही मोरी तेवढी बघून गेलात." तिने ग्रंथ फडक्यात बांधला आणि कपाटावर ठेवला. चहा घ्या म्हणाली नाही. उठा असंही म्हणाली नाही. विनीताला स्वतःच उठावं लागलं.

पुढच्या शनिवारी मंडळाच्या सुरुवातीलाच ती उभी राहिली. मागच्या वेळी काकूंना मी न वाचता उत्तर दिलं, ते खोटं होतं, असं म्हणाली आणि खजुराच्या बुंध्यापासून झऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. मी त्यांची वाईट पानं आपल्या चांगल्या पानांशेजारी ठेवली, आपली तशी पानं मी कधी उघडूनही दाखवली नाहीत, हेही म्हणाली. कुणी चुकचुकलं नाही. मृणालिनीकाकू मान खाली घालून ऐकत होत्या. पाळकबाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला, "ऑपरेशनपासून थकलीयेस गं तू," म्हणाल्या आणि गीत सुरू करायला सांगितलं. मागच्या रांगेत कुजबुज झाली, की हिला त्या वरच्या मजल्यावरच्या बाईने काही शिकवलंय की काय.

गाडीत शैलेंद्र म्हणाला, "आता निदान तिला जाऊन सांग. बरं वाटेल तिला."

संकुलात गाडी लावताना वर दिलशादच्या स्वयंपाकघरात दिवा दिसत होता. रोजा सोडून भांडी आवरायची वेळ. विनीता जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेली. काय सांगणार होती ती? मी चारचौघांत नाक घासलं, आता बघा? ते सांगायला जाणं म्हणजे केलेल्याची पावती मागायला जाणं. आणि ज्या बायकांनी पहिल्या शनिवारी माना डोलावल्या होत्या, त्यांच्या मनातून काही पुसलं गेलं नव्हतंच.

"जातेस ना?" शैलेंद्रने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "ती बोलावेल तेव्हा."

तिने कठड्यावरचा हात काढला आणि पर्समध्ये घराची किल्ली शोधू लागली.