माठातलं औषध

गार्डसाहेब माठाला कान लावून बसत. आतली बुडबुड ऐकू आली की समाधानानं म्हणत, “जित्तं आहे.” अकोल्यात जठारपेठेत मी त्यांचा भाडेकरू होतो. सरकारी शाळेतली माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, दारूबंदीचे दिवस होते, आणि त्या माठात बीअर होती.

रेल्वेत गार्ड असताना एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरकडून ते ही विद्या शिकले होते. जव भिजवून मोड आणायचे, गच्चीवर वाळवून जात्यावर भरडायचे, थोडा मका मिसळून गरम पाण्यात तासभर मुरवायचे. “पानी कढू द्याचं नाई. दाण्याले घाई चालत नाई,” असं सांगत. मग गाळून, कडूपणासाठी काडेचिराईत घालून उकळायचं. निवल्यावर बेकरीतलं खमीर. फिकट पिवळी, वर सायीसारखा फेस. स्वतः ते थेंबही घेत नसत. त्यांच्या बायकोला, आजारी काकूंना, अन्न जात नव्हतं. जेवणाआधी अर्धा पेला घेतला की चार घास जात.

“भेता काहून, मास्तर? घरात दवाई करून राहिलो मी, धंदा नाई.”

मी मात्र गच्चीवरचे जव पाहूनही दचकत असे.

तयार झालेली बीअर ते बूच लावून बाटल्यांत ठेवत; एका दुपारी त्यातली एक फुटली. गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. रस्त्यावरचा शिपाई फाटकाशी आला. अंगणात मीच होतो.

“काय फुटलं, मास्तर?”

“सोड्याची बाटली.”

तो माझ्याकडे बघत राहिला आणि निघून गेला. संध्याकाळी मी गार्डसाहेबांना म्हणालो, “माझी नोकरी जाईल. हे बंद करा.” सकाळी त्यांनी माठ मोरीत उपडा केला. फेस वाहून जाईपर्यंत मी रस्त्याकडे डोळे लावून उभा होतो.

काकूंचं जेवण कमी कमी होत गेलं. भिंतीपलीकडे ताटाचा आवाज होतो का, एवढंच मी ऐकत असे. ‘पुन्हा सुरू करा’ हे शब्द रोज ओठांवर येत आणि तिथंच राहत. थंडीत काकू गेल्या.

पुढं मी कायम झालो, अमरावतीला बदली झाली. गार्डसाहेब स्टेशनवर पोचवायला आले. मी कसंबसं म्हणालो, “साहेब, मी तेव्हा बोलायला नको होतं.”

“डॉक्टरनं आस सोडलीच होती,” ते म्हणाले. “मी तुमाले खोली खाली करा म्हणू शकत होतो, मास्तर. तसं नाई म्हटलं. तो शिपाई आला तवापासून मलेही भेवच वाटे. तुमी बोलले, मले बहाना भेटला.”

गाडी हलली. त्या घरात भिणारा मी एकटाच आहे, असं मी इतके दिवस समजत होतो.