कुजबुजणारी लुर्डस

१९७८ साली वसईचा कॉस्मास डाबरे चौतिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या डँडेनॉन्गच्या एका बेकरीत अप्रेंटिस झाला. मुंबईत तो गिरणीत होता. इथे काम नव्याने शिकणं भाग होतं. रात्रभर पीठ मळायचं, पाव भाजायचे आणि सकाळी बायको डेझी कामाला निघाली की घरी येऊन आडवं व्हायचं. दुसऱ्या वर्षी तो इतका थकला, की बुटांच्या नाड्या सोडतानाच त्याला डुलकी लागायची.

एका शनिवारी डेझी म्हणाली, "काल टीचरने बोलावलं होतं. आपली लुर्डस वर्गात नुसती कुजबुजते. टीचरने तिला विचारलं, घरी कोणी आजारी आहे का?"

"मग?"

"ती म्हणाली, डॅड स्लीप्स."

घरात आवाज करू नकोस, असं लेकीला कॉस्मासनेच दरडावलं होतं.

सोमवारी दुपारी ती शाळेतून आली तेव्हा तो तारवटलेल्या डोळ्यांनी वाट पाहत होता. त्याने तिला पलंगावर शेजारी बसवलं. "पुस्तक काढ आणि मोठ्याने वाच. मी झोपलो तरी थांबायचं नाही."

"यू विल वेक अप," ती पुटपुटली.

"उठलो तर उठलो. रस्त्यावर ऐकू जाऊ दे."

ती आधी दबकत वाचू लागली, मग खणखणीत. दुसऱ्या पानाला कॉस्मास घोरू लागला. लुर्डस थांबली नाही.

पुढे तो पक्का बेकर झाला, पण रात्रपाळी काही सुटली नाही. तुमची मुलगी फार ओरडते, अशी तक्रार घेऊन शेजारीण अधूनमधून दारात यायची. कॉस्मास उठून तिची माफी मागायचा आणि परत जाऊन झोपायचा.