चाकाखालची वाळू

वंदे, फोन नीट कानाशी धर आणि ऐक. माझा पाय मोडला म्हणून काय काल ‘मावशी, आता जिना विसर’ म्हणायचं? शोभतं का भाचीला?

आज सकाळी आमच्या खिडकीला लागून जो चढ आहे ना, तिथं कोळशाची मालगाडी अडली. दवानं रूळ ओले झालेले. एवढं धूड इंजिन, पण चाकं जागच्या जागी गरगरत होती आणि डबे ढिम्म. मग चाकापुढच्या नळीतून रुळावर वाळू पडली. साधी वाळू गं! चाकांनी रूळ धरला आणि एकेक डबा कुरकुरत मागोमाग निघाला. शेवटचा दिसेनासा होईपर्यंत माझा चहा पार निवला.

म्हटलं, जोर तर इंजिनात आधीपासून होताच, पकड तेवढी सुटत होती. माझ्याही पायात जोर आलाय. डॉक्टरही चढा म्हणतात. पहिल्या पायरीवर पाऊल कचरतं, एवढंच. पण यंदाच्या कुरडया मी गच्चीवरच घालणार, सांगून ठेवते.

तू लवकर ये. पहिल्या पायरीपुरता हात धर. पुढचा जिना माझा मी चढते.