वन्समोर मिळाला की दादा उठायचा

त्या मंगळवारी दुपारी काकांच्या मुलाने आमच्या दादाला धुऱ्यावर कुऱ्हाडीने मारले. दादा तिथेच मेला. काकांचा मुलगा पायी बाळापूरला गेला आणि पोलीस ठाण्यात जाऊन बसला. कुऱ्हाड त्याने सोबत नेली होती.

मी तेव्हा अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवत होते. निरोप मिळून गावी पोचले तोवर दादाला चिरफाड करून परत आणले होते. कवटी धोतराच्या फाडलेल्या पट्टीने बांधली होती. पट्टी बांधणाऱ्याने कानही आत घेतला होता. माय तो कान बाहेर काढायचा प्रयत्न करत होती आणि बायका तिचे हात धरत होत्या.

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. आजोबांच्या काळात आमचे आणि काकांचे वावर एकच होते. वाटणी झाल्यावर मधे धुरा आला. मग दर उन्हाळ्यात नांगर कधी इकडून, कधी तिकडून त्याला थोडा थोडा खात गेला. त्यावरून शिव्या व्हायच्या, कधी ढकलाढकली व्हायची. पण दिवाळी उलटून नाटकाच्या तालमी लागल्या की दादा आणि काकांचा मुलगा आमच्या बैलांच्या कोठ्यात एकाच घोंगडीवर बसत.

गावात दरवर्षी एकच संगीत नाटक होई. बैलगाड्या जोडून त्यावर फळ्या टाकायच्या, पडदे आणि पोशाख अकोल्याहून आणायचे. एका राजपुत्राची गोष्ट होती. दादा राजपुत्र व्हायचा. काकांचा मुलगा शेलाटा, आवाजाने बारीक, म्हणून तो राजपुत्राची बायको. त्या दिवसांत तो मिशा काढायचा आणि पोरे त्याला पाणवठ्यावर छळायची.

"काय वो वैनी, घागर कुठी हाय?"

"तुह्या मायच्या डोक्यावर," म्हणून तो दगड घेऊन मागे लागायचा.

चौथ्या अंकाच्या शेवटी राजपुत्राला बाण लागतो. बायकोच्या मांडीवर डोके ठेवून तो एक पद म्हणतो आणि मरतो. त्या पदासाठी आजूबाजूच्या गावांतून लोक येत. दादा मेला की "वन्समोर!" असा गलका उठायचा. वन्समोर आला की पद पुन्हा म्हणायचे, ही रीत. मेलेला असला तरी. दादा उठून बसायचा, मुकुट सारखा करायचा, पेटीवाल्याकडे पाहून मान हलवायचा आणि पुन्हा सुरू करायचा. पुन्हा मरायचा. काकांचा मुलगा दर वेळी पहिल्यापासून रडायचा, आणि ते रडणे खोटे नसे. रंग गालावरून ओघळून त्याच्या चोळीवर पडे. मी अगदी पुढे बसलेली असे, त्यामुळे रडता रडता तो दातांतून काय बोलतो तेही मला ऐकू यायचे.

"लवकर मर नं बे, माही मांडी सुन्न झाली."

दादा मेलेल्या तोंडाने हसू दाबायचा.

हे सगळे पन्नास सालानंतरचे. मी मॅट्रिक होऊन अमरावतीला कॉलेजात गेले, पुढे तिथेच नोकरीला लागले, तरी त्या नाटकाला गावी यायचे. पुस्तके मी पुष्कळ वाचली, पण ते नाटक मला पाठ होते.

दादाला जाळून आल्यावर बाबांनी आधी नाटकाची पेटी फोडली. सब्बल घेऊन कोठ्यात गेले आणि पट्ट्या निखळून उडेपर्यंत घाव घालत राहिले. भाता फाटला तेव्हा पेटीतून एक सूर निघाला. बाबा थबकले, मग त्या जागी पुन्हा सब्बल घातली. त्याच आठवड्यात आमच्या माणसांनी काकांचा कडबा पेटवला. काकू विझवायला धावली तर तिला केसांना धरून ओढत वेशीपर्यंत नेले. त्यांच्या बैलाच्या मागच्या पायावर कुणीतरी कुऱ्हाड घातली. बैल आमच्याच घरासमोर बसला, ओरडत. माय दार लावून भिंतीवर डोके आपटत होती. दादाची बायको माहेरी पळून गेली. तिलाही बाबांनी मारले होते, नवरा वावरात गेला तेव्हा थांबवले काहून नाही म्हणून.

उरला धाकटा भाऊ. तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता आणि दादाच्या मागे मागे फिरण्यापलीकडे त्याने काही केले नव्हते. बाबांनी त्याला जवळ बसवले.

"कोर्टाची तारीख लागली का त्याले अकोल्याले आनतीन. आवारात. बेड्या असतीन त्याच्या हातात. समजलं का?"

"समजलं."

"पोलीस दोन असतेत. म्या पाह्यलं."

मी तिथेच होते. मी म्हटले, "बाबा, एक गेला, दुसऱ्याले फाशी देता का?"

बाबांनी माझ्याकडे न पाहता पायातली वहाण काढून फेकली. ती माझ्या तोंडावर बसली. ओठ फाटला, एक दात मोडला. परतल्यावर शाळेत पहिले काही दिवस मी फळ्याकडे तोंड करून शिकवले.

पण धाकट्याला मी अमरावतीला घेऊन आले. मोडलेला दात दाखवायचा आहे, एकटी कशी जाऊ, असे सांगितले. बाबांनी जाऊ दिले, कारण तारीख लांब होती. एवढेच म्हणाले, "तारखेच्या आदल्या दिवशी मी येतो."

माझ्या खोलीत तो भिंतीला टेकून बसायचा. खायचा, झोपायचा, पण घरमालकाच्या कुत्र्याला त्याने एकदा इतके बडवले की ते पुन्हा त्या अंगणात आले नाही. मी पुस्तक घेऊन समोर बसायचे आणि एकही ओळ वाचायचे नाही. त्याला गावी परत जाऊ द्यायचे नाही, यापलीकडे माझ्या डोक्यात काही नव्हते, आणि ते कसे करायचे हे मला माहीत नव्हते.

एका संध्याकाळी शाळेतून येताना थिएटरच्या मागच्या गल्लीत मी थांबले. आत ऑर्गन वाजत होता. फिरती नाटक कंपनी आली होती आणि तालीम चालली होती. सूर ओळखायला मला वेळ लागला, कारण आमच्या गावची पेटी सुरात नेहमी थोडी खाली असायची. ते मरणाचे पद होते. गाणाऱ्याचा आवाज दादापेक्षा कितीतरी तयार होता. मी भिंतीला हात लावून उभी राहिले. दादा गेल्यापासून मी रडले नव्हते. त्या गल्लीत, म्युनिसिपालटीच्या नळाजवळ, रडले. भांडी भरणाऱ्या बाईने एक घागर बाजूला करून मला तोंड धुवायला जागा दिली.

रविवारी दुपारचा खेळ होता. मी दोन तिकिटे काढली. मला वाटले, माझे झाले तसे त्याचेही होईल. रडेल आणि मोकळा होईल.

"मले नाई पाह्यचं नाटक."

"दादाचं हाय."

तो उठला आणि सदरा घालू लागला.

पडदा वर गेला आणि मी चकित झाले. राजपुत्राची बायको खरीच बाई होती. तिच्या तोंडावर काकांच्या मुलाचे तोंड नव्हते, त्यामुळे मला नाटक ऐकता आले. गावी कधी न कळलेल्या गोष्टी कळल्या. राजपुत्राला लढायचे नसते, त्याला त्याचा बाप पाठवतो. हा प्रवेश आमच्याकडे गाळायचे, कारण बापाचे काम करायला म्हातारा मिळत नसे. मला इतकी वर्षे पाठ असलेले नाटक अर्धेच होते. मी धाकट्याकडे पाहिले. तो पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून बसला होता.

बाण लागला. पद झाले. राजपुत्राने मान टाकली. त्या बाईने पदर तोंडाला लावला आणि पुढच्या रांगेतून एक जाडसर गृहस्थ ओरडले, "वन्समोर!" मग सगळे.

राजपुत्र उठून बसला. त्याने मुकुट सारखा केला.

धाकटा उभा राहिला. "झोप!" तो ओरडला. "झोप खाली! मेला न तू? मंग झोप!"

लोकांना ती गंमत वाटली. खूप हसले. नटही जरा हसला आणि ऑर्गनकडे पाहून मान हलवली. जाडसर गृहस्थ मागे वळून म्हणाले, "अहो पाव्हणे, पुन्हा मरेल तो, बसा."

पुढचे फार पटकन झाले. धाकट्याने लोखंडी घडीची खुर्ची उचलून त्या गृहस्थाच्या डोक्यात घातली. त्यांचा कान फाटून लोंबला. बायका किंचाळत दाराकडे पळाल्या. दारावरचे लोक काठ्या घेऊन आले. त्यांनी त्याला दोन रांगांच्या मधे पाडले आणि मारले. तो उठू पाहत होता, हात टेकत होता, आणि ते टेकलेल्या हातावर मारत होते. हाड मोडल्याचे मला ऐकू आले. रंगमंचावर राजपुत्र आणि त्याची बायको एकमेकांना धरून उभी होती. मी त्याच्या अंगावर आडवी पडले तेव्हा काठ्या थांबल्या. घरातला माणूस मेला आहे, एवढे मी सांगितले. त्या गृहस्थांनी रुमाल कानाला दाबून फिर्याद करणार नाही असे म्हटले.

इर्विन दवाखान्याकडे जाताना टांग्यात त्याने मोडका उजवा हात मांडीवर ठेवला होता.

"बाई," तो म्हणाला. घरात मला सगळे बाईच म्हणत. "काकाचा पोरगा खरं रडे ना वो? दादा मेला का खरं रडे तो."

"हो. खरं रडायचा."

"मंग मारलं काहून?"

टांगेवाल्याने एकदा मागे पाहिले. तेव्हा धाकटा रडला. दवाखान्यात प्लास्टर घालेपर्यंत रडत होता.

तारखेच्या आदल्या दिवशी बाबा आले. त्यांनी प्लास्टर पाहिले, मला एक मुस्कटात दिली आणि मग धाकट्याला म्हणाले, "डावा त चांगला हाय न?"

आम्ही तिघे अकोल्याला गेलो. मी न बोलावता गेले. कोर्टाच्या आवारात बाबांनी धाकट्याच्या डाव्या बाजूला सदऱ्याखाली सुरा खोचून दिला आणि ते चार पावले मागे उभे राहिले. मी धाकट्याच्या प्लास्टरला धरले, तर त्याने मला कोपराने दूर केले.

काकांच्या मुलाला दोन शिपायांनी आणले. तो वाळला होता. मिशा वाढल्या होत्या. धाकटा त्याच्या वाटेत जाऊन उभा राहिला, डावा हात सदऱ्याखाली. शिपायांना ते कळले नाही. काकांच्या मुलाला कळले असावे. त्याने धाकट्याच्या गळ्यातल्या प्लास्टरकडे पाहिले.

"हाताले काय झालं बे?"

धाकटा म्हणाला, "नाटकात मोडला."

"आपल्या?"

"आपल्याच."

काकांचा मुलगा तसाच उभा राहिला. पळाला नाही, मागे सरला नाही. शिपायाने बेडी ओढली तेव्हा कुठे चालू लागला. धाकट्याने डावा हात बाहेर काढला. हात रिकामा होता.

बाबांनी त्याला तिथेच मारायला सुरुवात केली. पाठीत, मानेत, प्लास्टरवर. सुरा खाली पडला. वकील, पक्षकार, चहावाला, सगळे पाहत होते. तो मार खात उभा राहिला, हात वर केला नाही. शेवटी आवारातल्या शिपायांनी बाबांनाच धरून नेले.

पुढे काकांच्या मुलाला जन्मठेप झाली. बाबा त्या तारखेनंतर माझ्याशी कधी बोलले नाहीत, धाकट्याशी फक्त वावराचे बोलत.

अकोल्याहून परतल्यावर, कंपनीचा मुक्काम हलायच्या आधी, मी एकटी पुन्हा जाऊन ते नाटक पाहिले. वन्समोर आला, राजपुत्र उठून बसला. मी खाली पाहिले नाही. त्याने पुन्हा म्हटले, पुन्हा मेला. पाचवा अंकही पाहिला. त्यात तो नसतो.

आता बाबा नाहीत, माय नाही. काकांचा मुलगा सुटून कुठे गेला ते कुणाला माहीत नाही. धाकटा गावी शेती करतो, त्याच्या उजव्या हाताची मूठ पूर्ण मिटत नाही. मी अमरावतीला राहते. आम्ही दोघे आहोत.