शंभरपैकी शंभर आणि एक नारळ

माझ्या मुलीला प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेत, गणितात, जेवढे मिळणं अपेक्षित असतं बरोबर तेवढेच गुण मिळाले, आणि त्याबद्दल मी स्टॅनमोरमधल्या एका हॉलमध्ये सव्वाशे माणसांसमोर शाल आणि नारळ देऊन तिचा सत्कार घडवून आणला.

सई आता युनिव्हर्सिटीत आहे. ती हे विसरली असेल असं मला कधीकधी वाटतं. मग दिवाळीला कुणीतरी घरी नारळ फोडतं आणि ती माझ्याकडे नुसती बघते.

इंग्लंडमध्ये मुलं अकराव्या वर्षी प्राथमिक शाळा सोडतात, तेव्हा त्यांची सॅट्स नावाची परीक्षा होते. पूर्वी तिचा निकाल लेव्हलमध्ये यायचा. लेव्हल चार म्हणजे बरं, पाच म्हणजे फारच छान. पण सई शेवटच्या वर्षाला आली आणि सरकारने नेमक्या त्याच वर्षी लेव्हल बंद करून नवीन गुणपद्धत आणली. पालक हवालदिल झाले. शाळेने ती समजावून सांगायला मीटिंग बोलावली. मेधाची, म्हणजे माझ्या बायकोची, त्या दिवशी हॉस्पिटलच्या फार्मसीत ड्यूटी होती.

"तू जा," ती म्हणाली, "पण नीट ऐक. तिथे जाऊन फोनवर बसू नकोस."

"मेधा, मी बँकेत डेटा बघतो," मी म्हणालो. "आकडे मला शिकवायचे नाहीत."

मीटिंगमध्ये मला सहा वर्षांच्या मुलाची खुर्ची मिळाली. गुडघे हनुवटीला लागलेले, आणि त्या दोन गुडघ्यांच्या मध्ये फोन (ऑफिसचं काम होतं, निदान पहिली दहा मिनिटं तरी होतं). समोर हेडटीचर मिसेस हॉलोवे पडद्यावर तक्ते दाखवत होत्या. माझ्या कानावर 'हंड्रेड' हा शब्द आठ-दहा वेळा पडला आणि प्रत्येक वेळी पुढचे पालक माना डोलवताना दिसले. मला तेवढं पुरलं.

बाहेर प्लेग्राउंडवर आमची पाच-सहा मराठी कुटुंबं घोळका करून उभी होती. अनन्याची आई शुभांगी अगदी रडकुंडीला आली होती.

"अवि, मला काही झेपलं नाही रे. स्केल्ड स्कोअर की काय म्हणत होत्या त्या?"

"अगं, सोप्पं आहे. लेव्हल-बिव्हल गेलं सगळं. आता सरळ शंभरात मार्क. आपल्यासारखे!"

"मग एवढंच सांगायला त्यांना पाऊण तास का लागला?"

"इंग्रज आहेत. त्यांना हे नवीन आहे," मी म्हणालो.

सगळे हसले. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की घरी जाऊन मी 'नवीन गुणपद्धत: एका मिनिटात' अशी टिपणी लिहून ग्रुपवर टाकली. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष कुलकर्णीकाका चाळीस वर्षं इथे आहेत, सहजासहजी कुणाचं कौतुक करत नाहीत. त्यांचा स्वतः फोन आला. "दातार, तुम्ही फार सुटसुटीत लिहिलंय हो!" त्या टिपणीचा प्रिंट काढून त्यांनी मंडळाच्या नोटीस बोर्डावर लावला.

आता सईबद्दल सांगायला हवं. सई गणिताला घाबरायची. घाबरायची म्हणजे अपूर्णांक दिसला की तिच्या पोटात दुखायचं. मेधा रोज संध्याकाळी तिला किचनच्या टेबलाशी घेऊन बसायची, पोळ्यांचे तुकडे करकरून तीन-अष्टमांश समजवायची (त्या वर्षी मी अखंड पोळी क्वचितच खाल्ली). ख्रिसमसच्या आधी शाळेतल्या मिसने सईला सांगितलं होतं, की तुला शंभर गाठायचे आहेत. तिने कागदावर लाल स्केचपेनने मोठ्ठे १०० लिहून तो फ्रिजवर चिकटवला. दूध काढताना रोज मी तो कागद बघायचो आणि मनात म्हणायचो, पोरीची झेप काय आहे!

जुलैमध्ये शाळेतून रिपोर्ट आला. सईने तो पाकिटातून स्वतः ओढून काढला, वाचला आणि किंचाळली.

"बाबा! हंड्रेड! मॅथ्समध्ये मला हंड्रेड मिळाला! एक्झॅक्ट हंड्रेड!"

ती उड्या मारत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सात महिने फ्रिजवर होते ते शंभर तिच्या हातात आले होते. मी तिला उचललं आणि ओरडलो, "शंभरपैकी शंभर!"

ती हवेतच थांबली. "नो बाबा, इट्स नॉट आउट ऑफ..."

"आजीला फोन लाव! पुण्याला फोन लाव!"

"बाबा, ऐक ना. मिस म्हणाली हंड्रेड इज एक्स्पेक्टेड."

"अगं, आपल्या घरात एक्स्पेक्टेडच असतं ते!"

पुण्याला माझ्या आईने फोन उचलला. "गणितात? आपल्या सईला?" तिला खरंच वाटेना.

"रक्तातच आहे, आई."

"कोणाच्या?" आईने विचारलं. लाइन खराब आहे असं म्हणून मी फोन ठेवला.

संध्याकाळी मेधा घरी आली. लेकीला घट्ट जवळ घेतल्यावर ती रिपोर्टकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. "अवि, मागच्या रविवारपर्यंत ही सात आठे विसरत होती. पूर्णच्या पूर्ण मार्क? मला काहीतरी गडबड वाटते. यात एक पिवळा कागद पण आहे बघ, स्कोअर कसा वाचायचा म्हणून."

"तो ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी असतो," असं म्हणून मी तो कागद ड्रॉवरमध्ये टाकला. मेधा बारा तास उभी राहून आली होती. ती वाद न घालता झोपायला गेली, आणि तिने त्या दिवशी वाद घातला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

मग इतर घरचे निकाल यायला लागले. शुभांगीच्या अनन्याला सत्त्याण्णव. "सत्त्याण्णव टक्के!" मी शुभांगीचं अभिनंदन केलं, आणि तिने त्याच मिनिटाला नाशिकला फोन केला. कुणाला चौऱ्याण्णव, कुणाला एकशे एक. एकशे एकाशी मी जरा अडखळलो. त्यानंतर रियाचे बाबा संजय यांचा मेसेज आला: एकशे बारा.

"अवि, शंभरपैकी एकशे बारा कसे रे?"

कुठल्याही शहाण्या माणसाने इथे थांबून ड्रॉवर उघडला असता. पण मी महाराष्ट्र बोर्डाचा विद्यार्थी आहे. "रिया स्विमिंगला जाते ना?" मी विचारलं.

"हो, काउंटीकडून पोहते."

"मग झालं! खेळाचे वाढीव गुण!"

संजय स्वतः लातूरचा, टॉपरच्या गावचा. त्याला हे तत्काळ पटलं.

एवढी हुशार मुलं एका शाळेत, म्हटल्यावर मंडळाने गुणगौरव समारंभ ठरवला. नव्वदच्या वर गुण असलेल्यांचा सत्कार, हा नियम मीच सुचवला. एकही मूल वगळलं गेलं नाही! प्रमाणपत्रं मी सोनेरी बॉर्डरची छापून घेतली: अनन्या, ९७/१००. सई, १००/१००. रिया, ११२/१००. आणि प्रमुख पाहुण्या म्हणून साक्षात मिसेस हॉलोवेंना बोलावलं. शनिवार असूनही त्या बिचाऱ्या आल्या.

समारंभाच्या सकाळी सईने तिसऱ्यांदा प्रयत्न केला. "बाबा, तो आउट ऑफ हंड्रेड नाहीये. मी नको येऊ का? माझा पोट दुखतोय."

"स्टेजची भीती. जाईल," मी म्हणालो.

हॉल भरला होता. मागे साबुदाणेवड्यांचा वास. सहा मुलं स्टेजवर ओळीने बसली होती आणि सहाच्या सहा आपापल्या बुटांकडे बघत होती. मला वाटलं, काय विनम्र मुलं आहेत! मिसेस हॉलोवेंनी पहिलं प्रमाणपत्र हातात घेतलं, वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. रियाच्या प्रमाणपत्राशी त्या बराच वेळ थांबल्या. पण बाई खऱ्या इंग्रज. एक शब्द न बोलता त्यांनी सहा शाली पांघरवल्या आणि सहा नारळ दिले.

इथे कार्यक्रम संपला असता. सगळे वडे खाऊन घरी गेले असते. पण पहिल्या रांगेत मेधा बसली होती आणि तिच्या कपाळावर रिपोर्ट बघतानाची तीच आठी होती. म्हटलं, ही शंका आता सगळ्यांसमोरच मिटवू. मी माइक घेतला आणि मिसेस हॉलोवेंना विनंती केली, की या मार्कांचा अर्थ काय होतो ते तुमच्या तोंडून आमच्या पालकांना ऐकायचं आहे.

"पर्हॅप्स अनदर टाइम, मिस्टर दातार," त्या हळूच म्हणाल्या.

"नो नो, प्लीज!"

"आय रिअली थिंक द चिल्ड्रन वुड लाइक देअर टी."

"शी इज बीइंग मॉडेस्ट!" मी हॉलला सांगितलं आणि टाळ्या मागितल्या. टाळ्या पडल्या. बाईंनी माझ्याकडे एकदा फार दयेने बघितलं आणि माइक घेतला.

त्या इंग्रजीत जे बोलल्या ते साधारण असं. शंभर ही एक रेघ आहे. या वयाच्या मुलाने निदान इथपर्यंत यावं, अशी. शंभर मिळण्यासाठी गणितात निम्म्याहून थोडेच जास्त गुण लागतात. काही मुलं रेघेच्या पुढे जातात, काही थोडक्यात मागे राहतात. "माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत," त्या म्हणाल्या, "थोडक्यात मागे राहिलेल्या मुलांनासुद्धा इतक्या प्रेमाने शाल पांघरवणारा समाज मी पाहिला नव्हता. तुमच्याकडून आम्ही शिकलं पाहिजे."

हॉलमध्ये सव्वाशे माणसं आणि आवाज फक्त वडे तळण्याचा. शुभांगीने हातातल्या ९७ कडे बघितलं, मग माझ्याकडे. संजयने रियाकडे बघितलं; पोहण्याचा काही संबंध नाही हे त्याला कळत होतं. कुलकर्णीकाका उठले आणि शांतपणे नोटीस बोर्डाकडे निघाले.

आणि मी सईकडे बघितलं. इथेच मी सगळ्यात मोठी चूक केली. तोंडातून निघून गेलं, "म्हणजे... जेमतेम?" माइकशिवाय, हळू आवाजात. पण तिने ते ऐकलं. तिने नारळ मांडीवरून उचलून पोटाशी धरला. आयुष्यात मी बऱ्याच वेळा लाजलो आहे, पण त्या दिवसासारखा कधीच नाही.

घरी जाताना गाडीत मी म्हणालो, "सई, तू मला आधी सांगितलं का नाहीस?"

"आय डिड. तीनदा."

मेधाने खिडकीबाहेर बघितलं.

"आणि बाकीच्या मुलांना माहीत होतं?"

"ऑफ कोर्स. मिसने क्लासमध्ये शिकवला ना सगळा. मी त्यांना सांगितला, प्लीज हसू नका. बाबा खूप हॅपी आहे, त्याला वाईट वाटेल." मग म्हणाली, "मला हंड्रेड मिळाला तेव्हा मला खूप छान वाटला होता, बाबा. मग तू फुल मार्क्स म्हणालास. मग माझा हंड्रेड छोटा झाला."

मी गाडी बाजूला घेतली, कारण समोरचं नीट दिसेना. अकरा वर्षांची सहा मुलं महिनाभर मला सांभाळून घेत होती, आणि मी त्यांना विनम्र म्हणत होतो.

त्या रविवारी मी सगळ्या घरी जाऊन माफी मागितली. शुभांगीने दार उघडलं, आत घेतलं, चहा दिला, पण साखर घातली नाही. "नाशिकला आता तू फोन करायचा," ती म्हणाली. मी केला. पुण्याला आईलाही केला. आई म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं. तुझ्या रक्तात आहे म्हणालास ना."

संध्याकाळी मी ड्रॉवरमधून पिवळा कागद काढला आणि सईसमोर किचनच्या टेबलाशी बसलो. "मला समजावून सांग," मी म्हणालो. फोन मेधाच्या हातात दिला.

सईने सांगितलं. पोळी घेऊन सांगितलं. सगळ्यात कमी ऐंशी, त्याच्या खाली जातच नाही. सगळ्यात जास्त एकशे वीस. मध्ये शंभरची रेघ. ख्रिसमसच्या आधी ती त्या रेघेच्या किती मागे होती तेही दाखवलं. पोळीचा बराच मोठा तुकडा निघाला. तेवढं अंतर ही पोरगी सात महिने पोटदुखी सहन करत चालून आली होती, आणि रोज तिच्यासोबत मेधा होती. मी नव्हतो. मी तिला हे सांगितलं, आणि जेमतेम म्हटल्याबद्दल सॉरी म्हणालो. सईने फ्रिजवरचा १०० चा कागद काढला, त्याच्याखाली लाल स्केचपेनने 'माझा' असं लिहिलं आणि परत चिकटवला.

"आणि मला किती?" मी विचारलं. "नवीन गुणपद्धत समजावून सांगणे, या विषयात?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं, जराही दया न दाखवता.

"एटी," ती म्हणाली.

आणि एवढं सगळं होऊनही, देवाशपथ सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं: ऐंशी! म्हणजे डिस्टिंक्शन!